प्रवाह जोरात होता

सूर्य बुडायच्या आधी शागुआरामासची गोदी सोडली.
कथबर्टने दोर गुंडाळला. मी धक्क्यावरचा कुत्रा
दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले.
त्रिनिदाद मागे, ग्रेनेडा पुढे,
मध्ये ऐंशी मैल काळं पाणी
आणि पश्चिमेकडे ओढणारा तो जुना प्रवाह,
ज्याला कथबर्ट सासरेबुवा म्हणतो:
दिसत नाहीत, बोलत नाहीत,
घर मात्र त्यांच्याच मनाप्रमाणे चालतं.

केबिनमध्ये थर्मासभर कोको,
तळलेल्या पावांची चळत, खारवलेला मासा
आणि वीस किलो खिळे, ऑगस्टाच्या छपरासाठी.
वादळाने तिचं छप्पर नेलं त्याला आठ महिने झाले.
नणंदबाई ताडपत्रीखाली झोपतात
आणि फोनवर सांगतात,
भोकांतून तारे छान दिसतात गं.

तीन तास त्याचे, तीन तास माझे.
लहान होडीत नवरा-बायको
एकाच अंथरुणात झोपतात,
पण एका वेळी कधीच नाही.
शिडीवर आमचे खांदे घासतात.
तो कानातलं यंत्र काढून
बिस्किटांच्या डब्यात ठेवतो
आणि माझ्या उबेत शिरतो.

अकराच्या सुमारास वायुविहिरीचे दिवे आले,
समुद्राच्या मधोमध लखलखाट,
वऱ्हाड न आलेल्या लग्नमांडवासारखा.
मग तेही मागे पडले.

बाराला माझी झोपायची पाळी.
खिळे झोपू देईनात.
प्रत्येक लाटेला गोणी सरके, खळ्ळ,
थांबे, पुन्हा खळ्ळ,
कुणी म्हातारं रात्रभर चिल्लर मोजत बसावं तसं.
उठले. अंधारातच गोणी ओढत नेली
आणि शिडीपाशी, फळीला घट्ट टेकवून ठेवली.
फळीच्या पलीकडे काय आहे
हे बत्तीस वर्षं माहीत असलेली बाई
त्या क्षणी फक्त झोपाळू होती.
छान झोप लागली.

पलीकडे होकायंत्र होतं.

तीनला मी सुकाणूवर बसले. आभाळ गच्च.
ध्रुव इथे असाही इतका खाली असतो
की एखादी मोठी लाट त्याला झाकते.
मी सुईवर भरवसा ठेवला.
सुई खिळ्यांकडे बघत होती.

उजाडलं तेव्हा समोर काहीच नव्हतं.
बेट उजवीकडे होतं, लांब, निळसर,
कुणी सामान हलवताना
चुकून तिकडे ठेवल्यासारखं.
वारा तिकडूनच येत होता, म्हणून वास मात्र आला:
ओली माती, चुलीचा धूर, जरासं जायफळ.
घर वासाच्या अंतरावर, आणि मध्ये
उलट्या वाऱ्याचे नऊ मैल.

तेव्हा आठवलं.
खाली उतरले, गोणी दोन्ही हातांनी
पार नाळेपर्यंत फरफटवली,
वर येऊन बघते तो सुई हळूहळू वळत होती,
बारा अंश,
झोपेत कूस बदलावी तशी.

कथबर्ट शिडीत उभा होता. कानात यंत्र नव्हतं.
त्याने सुई पाहिली.
फळीपाशी गोणीने काढलेला ओरखडा पाहिला.
मग माझे गंजलेले तळवे.
मी तोंड उघडलं तर तो म्हणाला,
"कोको उरलाय का?"

उरला होता. कोमट.
तो प्यायला, शीड ताणलं,
होडी वाऱ्याच्या तोंडाला लावली,
मग नोंदवही मांडीवर घेतली.
त्याचं अक्षर लाटेवरही सरळ असतं:
पाच पन्नास. ग्रेनेडा पूर्वेला, नऊ मैल.
प्रवाह जोरात होता.

दुपार झाली किनाऱ्याला लागायला.
ऑगस्टा धक्क्यावर, डोक्याला टॉवेल,
सकाळपासून तिथेच असावी.
लांबूनच ओरडली, एवढा उशीर का रे?

"काय?" कथबर्ट म्हणाला, हात कानामागे धरून.
"ऐकू नाही आलं!"

यंत्र कानातच होतं.