तिसरा घात

आधी मी सरळ रेघांनीच मांडला
मादी धबधब्याचा ओठ.
आठ तुकडे, सात कोपरे,
आणि कॉम्प्युटरने त्यावरून बोरी नदी सोडली.
पाणी तिसऱ्या कोपऱ्याला ठेचकाळलं.
मागे एक भोवरा उगवला, देखणा, संथ,
जो नळदुर्गात कुणी कधी पाहिलेला नाही.

रेवणसिद्ध म्हणाला, मॅडम, आठाचे ऐंशी करू.
केले. ऐंशी तुकड्यांच्या सांध्यांवर
बारक्या बारक्या शंका.
दगड वळतो, रेघ वळत नाही,
कितीही बारीक तोडा.

मग रेघेलाच वळायला शिकवायचं ठरलं:
दोन टोकांमध्ये आणखी दोन बिंदू,
तिसऱ्या घाताचं समीकरण.
घात म्हणजे दगाही,
घात म्हणजे पेरणीजोगी ओलही,
आमच्याकडे एका शब्दात तिघं राहतात,
भाडं एकाचंच.

साडेअकराला वीज गेली. इन्व्हर्टरवर जाळी वळवली.
एक्केचाळीस हजार आठशे सहा पेशी.
एक उलटी.
भिंतीलगतची, कांद्याच्या पापुद्र्याएवढी;
काठ वळला तो थेट तिच्या पाठीतून आरपार गेला
आणि तिचं आकारमान झालं उणे.
उणे आकारमानात पाणी कसं मावणार?
पहिल्याच पावलाला गणित फुटलं,
सगळी नदी एका पेशीपायी.

सकाळी खाली उतरले, मैमूनाबीच्या दुकानात,
शिवायला टाकलेला ब्लाउज आणायला.
ती भलत्याच कुणाचा तरी मुंढा उसवत बसलेली.
"नव्या पोरीनं वरचं कापड वळवलं
अन् अस्तर ठेवलं सरळ.
आता बघा, कसं जीभ काढून बाहेर आलंय.
वरचं वळवलं की आतलं बी वळवावं लागतंय बाई,
जरा जरा कमी करत,
पार मोकळ्या कापडापर्यंत."

पैसे द्यायचे विसरून मी जिना चढले.

भिंतीलगत चौदा थर.
पहिल्याला पुरतं वळण, दुसऱ्याला थोडं कमी,
चौदाव्याला नुसती कुणकुण,
जणू अख्खी जाळी रबराची
आणि कुणी तिला एका काठाने हलकेच ढकलतंय.
उलटी पेशी सुलटी झाली.
अंगठ्याएवढी जागा. मी खुर्चीतच टाळी वाजवली.
खाली शिलाई मशीन क्षणभर थांबलं, पुन्हा सुरू झालं.

मग कॉम्प्युटर आपली चूक आपण मोजू लागला.
जिथे चूक मोठी तिथे पेशी दाट,
पाणी संथ तिथे ऐसपैस;
बगलेत टाके जवळ जवळ, पाठीत लांब.
तीन फेऱ्यांनंतर पाहते तर गर्दी उसळलेली
ओठाच्या डाव्या अंगाला, वीतभर जागेत,
गुळाला मुंग्या लागाव्यात तशी.
तिथे मॉडेलमध्ये एक खाच होती.
ड्रोनच्या फोटोतली सावली समजून
मी ती पुसणारच होते.
बोट कळीवर होतं, खरं सांगते.

रविवारी गेलो. एप्रिल, धार बंद,
दगड तव्यासारखे.
रेवणसिद्धनं माझ्या कमरेचा दोर धरला,
मी ओठावर पालथी पडून हात खाली सोडला.

खाच होती.
एक दगड मागे सरकलेला, चार बोटं,
कडा झिजून गोल.
आत गार. शेवाळाची वाळकी पूड,
आणि एक चिंचोका,
वाहत आलेला, फिरून फिरून तिथेच बसलेला.
म्हणजे पाणी इथे वळसा घेतं.
भोवरा आहे.
मी मांडलेला नव्हे, दुसरा,
ज्याला माझी गरज नव्हती.

"किती मॅडम, किती?" वरून विचारणं चाललेलं,
वही उघडून, पेन दातात.
मी लगेच सांगत नाही.
बोट अजून कडेवरून फिरतंय,
कुठे कोपरा लागतो का बघत.