तीनशे तास

वारलू मिस्त्रीनं भातगिरणीच्या इंजिनाला
दुसरी टाकी बसवली, गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्याची.
एका कॉकावर डिझेल, दुसऱ्यावर करंजी.
करंजीची तांब्याची नळी
धुराच्या पाइपाला चार वेढे घेऊन आत जाते,
शेकत शेकत.

पूस महिना. दारात धानाची पोती.
डब्यातलं तेल तुपासारखं थिजलेलं.
"करंजी बी आपल्यासारखीच," तो म्हणाला,
"थंडीत उठाले वेळ लागते."
आधी डिझेलवर हँडल मारलं.
नळीचा चटका बसला तेव्हा कॉक फिरवला.

इंजिन अडखळलं. धूर कडू, पांढरा.
मग आवाज जाडला, बसला, चालू लागला,
खर्रा तोंडात धरून बोलणाऱ्या माणसासारखा.

लोक हसायच्या तयारीनं आले होते.
मागच्या साली यानंच लुनात मोहाची ओतलेली,
पहिल्या धारेची.
लुना नाल्यापर्यंत गेली, तिथून ढकलत आणली.
बाटलीत उरलेली कोणी संपवली
ते अजून उघडकीस आलेलं नाही.

मी वही घेऊन बसले होते. हिशेब माझ्याकडे.
चार किलो बियांना एक लिटर.
एका लिटरला एक तास.
नाल्याकाठची धरून गावात एक्केचाळीस झाडं,
झाडामागे तीस किलो, बहर लागला तर.
भागून, गुणून, तीनशे तास. वर सात.
शेंगा फोडून बायांची नखं काळी झाली,
तो रकाना मी आखलाच नव्हता.

"चालते का नाही?" वारलूकाका विचारतो.
चालते की.
पण चालणं वेगळं, पुरणं वेगळं,
आणि हे त्याला सांगायला
मी इंजिन बंद व्हायची वाट पाहत होते.

ते नवव्या दिवशी आपणच बंद पडलं.
नोझल चोंदलेलं.
त्यानं ते रॉकेलमध्ये बुडवलं, तारेनं कोरलं,
एक डोळा मिटून उन्हाकडे धरलं.
सयत्राबाईनं जुन्या लुगड्याचा तुकडा दिला:
"चौपदरी करून गाळ ना बापा.
आमी मोहाची बी गाळूनच घेतो."
आणि मग गप्प झाली.

पेंड बांधीत गेली. डिझेलचा कॅन अजून कोपऱ्यात आहे,
अर्धा.
वहीच्या शेवटच्या पानावर मी बेचाळिसावं झाड लिहिलंय,
शाळेच्या कुंपणाबाहेरचं, गुडघ्याएवढं,
म्हशीनं एकदा मोडलेलं.
त्याच्यापुढे सध्या शून्य.