समासात

बोरीकाठच्या या गावात मला
काटावाली म्हणतात.
पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढते,
कौतिकबाईच्या पऱ्हाटीचा भारा
ओसरीच्या हुकाला टांगते :
सहा किलो चारशे.
उद्या याच वेळी येऊन
उरलेलं मोजायचं, वजाबाकी लिहायची.

सिलिंडर आहे की. टीव्हीशेजारी,
क्रोशाची झालर घालून,
पाहुण्यांच्या चहापुरता.
भरायला पैसे लागतात,
पऱ्हाटीला नुसती पाठ लागते.
पाठ घरचीच.

‘स्वयंपाक करताना धूर होतो का?’
प्रश्न क्रमांक अकरा.
ती काही बोलत नाही,
खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवते.
मागं चौकोनी पांढरी भिंत,
गेल्या दिवाळीची.
बाकीची भिंत तव्याच्या बुडासारखी.
‘आते लिखी ले,’ म्हणते.

खड्डा खणला तेव्हा भिकन, तिचा मुलगा,
लांब उभा राहून विचारत होता
शेणाच्या गॅसवर नैवेद्य चालेल का म्हणून.
शेणानं सारवलेल्या जमिनीवर
उभा राहून.

दोन म्हशी, पाटीभर शेण, तेवढंच पाणी.
वैजंता सून कोपरापर्यंत हात घालून
कालवत होती, नाकाला पदर न लावता.
महिन्यानं भर दुपारी बटण फिरवलं
तर ज्योत दिसेचना.
कौतिकबाईनं तळवा वर धरला,
जरा खाली आणला, झटकन मागं घेतला.
‘शे वं,’ म्हणाली.
मग पुन्हा, माझ्याकडं न बघता : ‘शे.’

पौषात पहाटे सहाला फोन :
‘तुना गॅस झोपी गया.’
थंडीत होतं तसं, म्हटलं,
कोमट पाण्यात शेण कालवा.
‘आनि पानी कशावर तापाडू?’
दोघी गप्प.
मग ती हसली, खोकली नाही.
हे मी दुपारी लिहून ठेवलं.
(काळा हंडा उन्हात ठेवायचा,
हे नंतर सुचलं. वैजंतालाच सुचलं.)

आज शेवटची भेट.
कालचा भारा हुकाला टांगते :
सहा किलो चारशे.
काटा झटकते, परत बघते.
तेवढाच.

‘चूल अजून वापरता का? हो / नाही.’
कौतिकबाई अंगणाकडं बोट करते.
चूल आता निंबाखाली आहे,
ताजी पोतारलेली, कोरडी.
आखाजीला खापर तिथंच चढणार,
हातभर पुरणपोळी या शेगडीच्या
वीतभर तोंडावर मावते थोडीच.
आणि भरताचं वांगं पऱ्हाटीवरच.
त्यावर वाद नको.

‘नाही’वर पेन टेकवते, उचलते.
साहेबांना एकच खूण हवी असते.
समासात बारीक अक्षरात लिहिते :
आखाजी. वांगी.
साहेब विचारतील.
विचारू देत, खापर
माझ्याही घरी आहे.