खोकला

पौष लागला की आमच्या बैठकीत
माणसं दिसायची बंद होतात.
कालवा दिसत नाही, कडुनिंब दिसत नाही,
रोहतकची पहिली बस नुसती हॉर्न देत
मोहरीच्या शेतातून गेल्यासारखी जाते.

आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखतो:
रिसालच्या काठीचं लोखंडी टोक,
छाजूरामची ढिली कवळी,
भरथूचे गुडघे.
मुढ्यावर बसताना तो दरवेळी देवाला एक शिवी देतो.

चिलीम भरायचं काम माझं.
वयानं मीच धाकटा, एकसष्ट.
काकवीत मळलेली तंबाखू तळाशी दाबायची,
वर खापरीचा तुकडा,
त्यावर गोवरीचे निखारे, राख फुंकून.
पाणी पहाटे बदलायचं, हापशाचं.
बोटं बधिर होतात, ती मग चिलमीभोवती धरायची.
एवढीच मजुरी.

नळी उजवीकडून फिरते,
आजोबांच्या वेळेपासून उजवीकडूनच.
गुड गुड गुड,
कुणी पाण्याखालून काही सांगू पाहतंय
आणि शब्द वर येईतो फुटताहेत.

तर त्या दिवशी धुकं इतकं
की निखारासुद्धा हातभर अंतरावरचा केशरी डाग.
आम्ही सहा जण होतो.
मोजले नव्हते मी, पण नळी परत यायला किती वेळ लागतो
हे माझ्या थंडीला पाठ आहे.
ती उशिरा आली.
एका गुडगुडीनं उशिरा.

आणि मग खोकला.
कोरडा, दोनदा, मध्ये थांबून तिसऱ्यांदा,
जशी बंद दारावर घरचंच माणूस थाप मारतं.

अख्खं गाव ओळखतं तो खोकला.
सोळा महिने झाले हरफूलचं हुक्का-पाणी तोडून.
नातीनं लग्न केलं, गोत एकच निघालं,
आणि हरफूल पंचायतीत उभा राहून म्हणाला,
'पोरीला सायकल मीच शिकवली.
आता मागून धरून कुठवर पळू?'
एवढंच.
हात वर झाले. माझाही.
माझा जरा उशिरा झाला,
पण हात मोजणारे उशीर मोजत नाहीत.

तेव्हापासून त्याच्या उसाला आमच्या गुऱ्हाळात जागा नाही.
त्याची म्हातारी गेली तेव्हा
खांदे चारच होते, त्यातले दोन मजुरीचे.

छाजूराम गव्हाच्या पहिल्या पाण्याबद्दल बोलत होता,
तो थांबला.
रिसालची काठी एकदा जमिनीवर आपटली.
आता कुणीतरी म्हणेल, वाटलं.
काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं:
पाणी ओता, नळी मोडा, हुक्का राखेनं घासून काढा.

भरथू म्हणाला,
'युरिया या खेपेला मिळत नाही बहुतेक.'
'मिळेल,' छाजूराम म्हणाला. 'रांग लावावी लागेल.'
नळी पुढे गेली.

मी उठलो. निखारे विझत आले होते असं नाही.
तरी दोन नवे ठेवले, चिमट्यानं, अंदाजानं,
आणि पुढच्या फेरीत नळी जरा लांब धरली,
त्या बाजूला.
थंड बोटं लागली माझ्या बोटांना.
एकाला नख नव्हतं.
ते चरकात गेलं होतं, आम्ही दोघं विशीत असताना;
बैल मी हाकत होतो.

अकराच्या सुमाराला ऊन आलं, पातळ, ताकासारखं.
आधी कडुनिंब दिसला, मग कालवा,
मग आम्ही, सहा,
खेस सावरण्यात गुंतलेले.
कडेच्या रिकाम्या मुढ्यांवर दव होतं,
एकावर नव्हतं.

रिसालनं आभाळाकडे बघत विचारलं,
'उद्याही पडेल का रे?'
कुणी उत्तर दिलं नाही.
मी चिलीम उलटी करून ठोकत होतो.
राख अजून गरम होती,
थोडा वेळ तशीच हातावर धरली.