थोरल्या तळ्याची माती

तळ्याचं मला विचाराल तर
पाण्याचं काही सांगता येणार नाही.
पाणी बायकांना ठाऊक, म्हशींना, पोहणाऱ्या पोरांना.
आम्हा कुंभारांची ओळख खालच्या अंगाशी,
सांडव्याच्या उजव्या हाताला, जिथं चैत्रात पाणी मागं सरतं
आणि चिखलाला भेगा पडायच्या आत
चार दिवस मिळतात.

आम्ही थोरलं तळं म्हणतो. पाटीवर दोड्डकेरे आहे.
तळं दोन्ही हाकांना सारखंच गप्प.

बाबा चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा,
डोळे मिटून, टाळ्याला लावून,
मग थुंकून सांगायचा : इथं नको, दोन पावलं तिकडं.
तिकडची निघायची काळी, लोण्यागत,
फावड्याला चिकटून येणारी.
तिच्यात शिंपल्यांचा चुरा, खेकड्यांची बिळं,
एखादी जिवंत मरळ, चिखलात झोपलेली,
तिला पाण्याकडं ढकलायचं काम माझं.
त्या चिखलाला वास होता. कसला,
ते सांगायला ज्याच्याशी तुलना करावी
असं आता जवळपास काही नाही.

वरल्या माळावर निलगिरी लावली तेव्हा मी आठवीत होतो.
झाडं भराभर वाढली, सगळे खूश.
झऱ्याचं तोंड कधी बुजलं, कुणी तारीख लिहिली नाही.
मग ऊस आला. मग खानापूर नाक्याकडली नवी वसाहत,
तिची गटार, सुरुवातीला एवढीशीच,
शेरडाचं पिल्लू उडी मारून जायचं.

माझा हिशोब हातांनी ठेवलेला :
ज्या साली शिंपल्याऐवजी पहिल्यांदा बाटलीची काच लागली
(अंगठ्यावर वण आहे),
ज्या साली पिशव्यांच्या चिंध्या निवडायला
मालूला माझ्याशेजारी बसावं लागलं,
ज्या साली गणपती विरघळलेच नाहीत,
मे महिन्यात सोंडेसकट वर आले,
आणि माती काढायची सोडून आम्ही
एकमेकांकडं न बघता त्यांना झाकत बसलो.

आणि ते साल, बाबानं चिमूट उचलली,
नाकाशी नेली,
खाली टाकली.
बोलला काही नाही. हात धोतराला पुसला.
जीभ मात्र सवयीनं बाहेर आलेली होती.

मागच्या पौषात बेळगावच्या कॉलेजातली एक मुलगी आली,
गळ्यात दुर्बीण.
पक्षी वाढलेत की, मीच म्हटलं, कौतुकानं,
ते बघा, लांब गुलाबी पायांचे, शेकड्यानं.
ती म्हणाली, काका, तो शेकाट्या.
घाण पाण्यात त्याला किडे भरपूर मिळतात.
तो वाढला की समजायचं.
काय समजायचं, ते बोलली नाही. सभ्य मुलगी.
बांधावर शेरडं राखणारी निंगव्वा हसली,
छलो आतु, म्हणाली.
बरं झालं ते कसलं, तिचं तिला ठाऊक.

आता माती ट्रॅक्टरनं येते, नंदगडच्या पलीकडून,
लाल, कोरडी, अनोळखी.
चाकावर उभी राहते, भट्टीत तडकते.
म्हणून मी परसातली खापरं कुटतो,
बाबानं, आज्यानं घडवलेले फुटके रांजण,
चाळून, मूठमूठ, नव्या मातीत मिसळतो.
जुनं भाजलेलं पोटात असलं की मडकं तग धरतं,
धंद्यातली जुनीच युक्ती, माझी नव्हे.

कुटताना कधी एखाद्या खापरात
पांढरा ठिपका दिसतो, शिंपल्याचा.
तेवढा तुकडा बाजूला ठेवतो.
मालूला वाटतं, कुटायचा राहिला.

अजून दीड रांजण शिल्लक आहे.