सात नंबरची फेरी

घरात सा कुठेही बसायचा.
सप्ताहाला काका पेटी ओढत विचारायचे,
काळी एक घेऊ की पांढरी चार,
पंगतीत पाट सरकवावा तसं.
कपेलच्या मागच्या खोलीत
मेश्त एर्मेलिंदांचा दो मात्र भिंतीला खिळ्याने ठोकलेला.
सहा वर्षं मी या दोघांमधून ये-जा केली
खाजनाच्या बांधावरून, व्हायोलिन डोक्यावर,
खाली मानशीच्या दारातून भरती आत शिरत असताना.

मेश्त मुलांना मारत नसत. टेबलाला मारत,
तेही तालात.
आधी वाच. मग गा. मग हात लाव.
पहिल्या वर्षी मी हात लावलाच नाही.

बाबा चोडणच्या फेरीबोटीच्या पोटात, इंजिनापाशी.
कानात कापूस असायचा, तरी घरी येऊन
मीठसुद्धा ओरडून मागायचे.
एकदा कठड्याला टेकून मी मेश्तना विचारलं,
हे इंजिन कोणत्या सुरात आहे?
त्यांनी खिशातून सूरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला,
दातांत धरून डोळे मिटले.
'सी आणि सी बेमोलच्या मधे. म्हणजे असा सूर नाही.'
मग वाजतंय काय, हे विचारायचं
मला रायबंदर आल्यावर सुचलं.

पहिलं काम पर्वरीच्या बिल्डरचं, चाळीस सेकंद.
'गोव्यासारखं काहीतरी द्या.'
मेंडोलिन दिलं.
'अजून गोव्यासारखं.'
ट्रम्पेट दिला.
त्या पैशांतून हेडफोन आले,
आणि डोंगरावर बंगले.

मग विशांत आला, बेचाळीस मिनिटांची फिल्म घेऊन.
एक बाई शेवटची फेरी चुकते
आणि रात्रभर धक्क्यावर बसते, एवढंच.
पैसे नंतर, म्हणाला.
तात्पुरती म्हणून कुणाची तरी परदेशी व्हायोलिनं
त्याने आधीच चिकटवली होती
आणि त्यांच्या प्रेमात पडला होता.
अकरा रात्री मी दुसऱ्याच्या मापाचे कपडे शिवले, उसवले.
बाराव्या रात्री बाबांना म्हटलं, मला खाली न्या.
त्यांनी माइकला स्वतःचा मोजा चढवला,
सात नंबरच्या इंजिनाजवळ
तापल्या बाळासारखा धरून उभे राहिले.

तोच सा घेतला.
काजूच्या रिकाम्या गोदामात चार वाजवणारे, लग्नाच्या बँडमधले.
तेओतोनियो म्हणाला, 'बाय, हें चूक.'
मी म्हटलं, चूकच वाजव.
त्याने खुंटी अर्धा केस सैल केली, शिवी देत,
आणि वीज गेली.
परत आली तेव्हा दोघे जण
साखरपुड्याला निघून गेले होते.
फिल्ममध्ये म्हणून दोनच व्हायोलिनं आहेत.
विशांतला अजून वाटतं, ती माझी कल्पना.

पणजीत दुपारी अडीचचा खेळ. साठ खुर्च्या, तेवीस माणसं,
त्यांत चार आमच्या वाड्यावरची.
मेश्त पांढऱ्या कोटात, एक्याऐंशी वर्षांचे,
पहिल्या दहा मिनिटांत झोपले.
नाव पडद्यावर आलं तेव्हा मी खाली पाहत होते,
चपलेचा अंगठा तुटला होता.

बाहेर पायरीवर मेश्त म्हणाले,
'सगळी वादनं पाव सूर उतरलेली. हेच शिकवलं मी?'
झोपेतही ऐकलं होतं त्यांनी.
मी तोंड उघडायच्या आत बाबा ओरडले, सवयीने,
'उतरलेली कुठे? ती आमची सात नंबर!
तिच्या डिझेलात पाणी जातं, म्हणून.'
रस्त्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं.

मेश्त बराच वेळ काही बोलले नाहीत.
रायबंदरला सात नंबर दुरुस्तीला गेलेली, चार नंबर लागली होती.
भर नदीत ते वाकले, कठड्याला दात टेकवले,
आणि बाबांनी मागून
त्यांचा कोट धरून ठेवला, वाऱ्यात.