अडीच वाजता

अडीचला निर्देशांक घसरला,
घसरत गेला, अन् मधेच थबकला
पाण्यापाशी बैल थबकावा तसा.
मग हळूच वर.

"हात हाये कोनाचा तरी,"
उकंडराव झिले, निवृत्त लाईनमन,
मोबाईल नाकापाशी धरून.
पानठेल्यावरचे हसतात. पुरावा?

पुरावा नाही.
पण गिरडच्या लाईनीवर, एका मे महिन्यात,
सभापतीच्या पोरीच्या लग्नात
बल्ब पिवळे पडू लागले तेव्हा
तेच चढले होते खांबावर
आणि पारध्यांच्या बेड्याचा फ्यूज काढला होता.
मांडव लख्ख.
वऱ्हाडी म्हणाले, आज लाईन बरी हाये.

वहीत त्यांनी लिहिलं : वारा.

आता पडदा हिरवागार.
सारे खूश. उकंडराव चुना मळत
दूर, अंधार नसलेल्या दुपारीत बघतात :
"फ्यूज कोनाचा काढला असन?"